पॉल जॉर्जचा ट्रेड आणि पोस्टमधून गायब झालेला गुडघा

ती पोस्ट कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉल टीमच्या ग्रुपवर आली तेव्हा मी काही बोलले नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर आली. तिथे मी तसंही बोलत नाही. पण सांगलीची भाची फोनवर म्हणाली, "मावशी, खरा खेळाडू दुखतंय म्हणून बसत नाही. कवाय लेनर्ड बसला म्हणूनच क्लिपर्स बुडाले ना?" तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. पोरगी अकरावीत आहे. विभागीय स्पर्धा तोंडावर आली आहे, गुडघ्याच्या वाटीखाली किती दिवस दुखतंय, फिजिओथेरपिस्टने उड्या मारायच्या नाहीत असं बजावलंय, आणि ही बाई एका मोटिव्हेशनल पोस्टच्या जोरावर रोज संध्याकाळी ग्राउंडवर हजर.

ज्यांच्यापर्यंत ती पोस्ट पोचलेली नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. जुलै २०१९ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस क्लिपर्सनी ऑक्लाहोमा सिटी थंडरकडून पॉल जॉर्ज हा खेळाडू घेतला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर आणि डॅनिलो गॅलिनारी हे दोन खेळाडू, पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायच्या जागा) आणि आणखी दोन वर्षांच्या पिकांची अदलाबदल करण्याचा हक्क दिला. जून २०२५ मध्ये थंडर विजेते झाले, आणि तेव्हापासून हा ट्रेड 'इतिहासातला सर्वांत मोठा मूर्खपणा' म्हणून मराठीत फिरतोय. पोस्टचं म्हणणं असं: क्लिपर्सनी हिरा देऊन गारगोटी घेतली, शे मोठा होणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं, थंडरचा मॅनेजर सॅम प्रेस्टी याने सगळं आधीच आखलं होतं, त्या पाच पिकांनी विजेतेपद आणलं, पॉल जॉर्ज पनवती आहे, क्लिपर्सचाच दुसरा खेळाडू कवाय लेनर्ड पैसे घेऊन बाकावर बसला, खरा खेळाडू दुखलं तरी खेळतो. आणि शेवटी तमाम मराठी उद्योजकांना शिकवण: नावाजलेला माणूस विका, तरुण घ्या.

हिशोबाचा निकाल थंडरच्या बाजूने लागला, यात वादच नाही. शे २०२४-२५ चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू, सामन्यामागे ३२.७ गुण घेऊन लीगमध्ये पहिला, फायनलचा एमव्हीपीही तोच. क्लिपर्सच्या हाती विजेतेपद सोडा, फायनलसुद्धा आली नाही. एवढंच म्हणायचं असतं तर मी ही पोस्ट वाचून पुढे गेले असते. पण निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका तपासायची आणि वर विद्यार्थ्याला ढ म्हणायचं, हा प्रकार मला सहन होत नाही.

आधी तो हिरा. जुलै २०१९ मध्ये शे वीस वर्षांचा होता. पहिल्याच मोसमात सरासरी १०.८ गुण, नवोदितांच्या निवडक संघांपैकी दुसऱ्या संघात जागा. गुणी पोरगा, शंकाच नाही. पण पहिल्यांदा ऑल-स्टार व्हायला, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांत यायला, त्याला २०२३ साल उजाडलं. दुसऱ्या बाजूला पॉल जॉर्ज त्याच मोसमात २८.० च्या सरासरीने खेळला होता आणि एमव्हीपीच्या मतदानात यानिस आणि हार्डन यांच्यामागोमाग तिसरा आला होता. बचावात तो लीगमधल्या पहिल्या काही जणांत धरला जायचा. त्याच्या दोन्ही खांद्यांवर नुकत्याच शस्त्रक्रिया झाल्या होत्या, हा धोका क्लिपर्सना माहीत होता आणि तरी त्यांनी घेतला. ही कोणत्या अर्थाने गारगोटी, हे पोस्टकर्त्यानेच सांगावं.

त्याहून मोठी गोष्ट पोस्टमध्ये मुळात आलेलीच नाही. क्लिपर्सनी त्या रात्री एक माणूस घेतला नाही, दोन घेतले. कवाय लेनर्ड नुकताच टोरंटोला विजेतेपद मिळवून करारातून मोकळा झाला होता. लेकर्स, टोरंटो आणि क्लिपर्स तिघेही त्याच्या दारात उभे होते. त्याची अट साधी होती: सोबतीला दुसरा मोठा खेळाडू आणा. आणि त्याला हवा होता पॉल जॉर्ज. जॉर्ज आला नसता तर कवाय लेकर्सकडे, लेब्रॉन जेम्स आणि अँथनी डेव्हिस यांच्या जोडीला जाण्याची शक्यता होती, आणि लेकर्स तेव्हा क्लिपर्सच्याच इमारतीत खेळत होते! म्हणजे तराजूच्या एका पारड्यात शे, गॅलिनारी आणि पाच पिक, आणि दुसऱ्या पारड्यात जॉर्ज अधिक कवाय, वर शेजाऱ्याचं नुकसान. हे पारडं पोस्टने अर्धं झाकून ठेवलंय.

'शेंबड्या पोरालाही दिसत होतं' याचं उत्तर देण्यासाठी मला स्वतःचं मत सांगायची गरज नाही. एनबीएच्या संकेतस्थळावर दरवर्षी मोसमाच्या तोंडावर सगळ्या संघांच्या जनरल मॅनेजरांचा कौल छापला जातो. कोणालाही स्वतःच्या संघाला मत देता येत नाही, त्यामुळे आपलाच बाब्या म्हणायची सोय नाही. २०१९-२० च्या कौलात विजेता कोण, या प्रश्नावर ४६ टक्के मॅनेजरांनी क्लिपर्सचं नाव घेतलं. मिलवॉकी बक्स दुसरे, लेकर्स बरेच मागे. म्हणजे ज्यांचं पोट या खेळावर चालतं, ज्यांच्या हाताखाली स्काउट आणि आकडेशास्त्रज्ञांची फौज असते, त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना हा सौदा विजेतेपदाचा वाटला होता. आणि त्या वर्षी जिंकले कोण? लेकर्स. तेव्हा कृपा करून शेंबड्या पोराला यात ओढू नका. त्याला दिसलं असतं तर ते आज एखाद्या संघाचं मॅनेजर असतं.

क्लिपर्सचा इतिहासही लक्षात घ्यायला हवा. १९७० मध्ये बफेलोला सुरू झालेला, मग सॅन डिएगो, मग लॉस एंजेलिस असा फिरलेला हा संघ २०१९ पर्यंत एकदाही कॉन्फरन्स फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीत पोचला नव्हता. जवळजवळ अर्धशतक. अशा संघाच्या दारात लीगमधले पहिल्या दहांतले दोन खेळाडू एकाच रात्री येऊन उभे राहतात, तेव्हा दार लावून 'आमच्या शेला जरा मोठा होऊ दे' म्हणणारा अध्यक्ष दुसऱ्या दिवशी नोकरीवर राहिला नसता. २०२१ मध्ये ते पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचले, याच जोडीच्या जिवावर. पोस्टमध्ये हे वर्षच नाही. २०२० वरून उडी थेट २०२४ वर.

प्रेस्टीने आधीच आखलं होतं म्हणे. काय आखलं होतं? त्याने २०१८ मध्ये जॉर्जशी चार वर्षांचा करार केला होता, थंडरचा दुसरा मोठा खेळाडू रसेल वेस्टब्रुक याचा मोठा करार त्याआधीच झाला होता, आणि बेत होता तो या दोघांना घेऊन जिंकण्याचा. तो बेत एप्रिल २०१९ मध्ये पोर्टलंडला डेमियन लिलार्डने ३७ फुटांवरून, जॉर्जच्याच डोक्यावरून, टाकलेल्या बास्केटने उधळला. मग कवायने जॉर्जला गाठलं आणि जॉर्जने प्रेस्टीकडे जाऊन 'मला सोडा' म्हटलं. यात आखलेलं काहीच नाही. प्रेस्टीचं कौतुक करायचं तर ते वेगळ्या गोष्टीसाठी: समोरच्याला एका खेळाडूत दोन मिळणार आहेत, तेव्हा तो एकाची नाही, दोघांची किंमत देईल, हे त्याने ओळखलं आणि तशी किंमत वसूल केली. यासाठी मी टोपी काढते.

पण त्यानंतरची वर्षंही मोजा. थंडर २०२०-२१ मध्ये २२ सामने जिंकले आणि ५० हरले, पुढच्या मोसमात २४ जिंकले आणि ५८ हरले. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं धुतलं. ७३ गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव. त्या रात्री कोणी हा सौदा 'मास्टरस्ट्रोक' म्हणून फॉरवर्ड करत होतं का, ते मला दाखवा.

आता ते पाच पिक. ज्यांना एनबीए ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दर जूनमध्ये नवे खेळाडू निवडायला संघ रांगेत उभे राहतात, आणि ज्याचा मोसम जितका वाईट, त्याचा रांगेतला नंबर साधारण तितका वर. पिक म्हणजे ती जागा. क्लिपर्सनी जागा देऊन टाकल्या खऱ्या, पण ते दरवर्षी बऱ्यापैकी जिंकत राहिले, त्यामुळे त्या जागा बहुधा रांगेच्या शेपटाकडे गेल्या. मायामीकडून क्लिपर्सच्या हाती आलेला आणि या सौद्यात थंडरला गेलेला २०२१ चा पिक अठरावा होता. त्यातून ट्रे मान आला, आणि विजेतेपदाच्या वर्षभर आधीच तो दुसऱ्या संघात गेला. २०२५ च्या अदलाबदलीत थंडरला तिसाव्याऐवजी चोविसावा नंबर मिळाला. यातून विजेतेपद येत नाही. चेट होमग्रेन आला तो थंडरच्या स्वतःच्या पिकातून, म्हणजे त्या ५८ पराभवांच्या बदल्यात. लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंच नव्हतं. अॅलेक्स करूसो शिकागोकडून ट्रेडमध्ये आला, हार्टेनस्टाइन पैसे मोजून आणला.

कामाचा असा उरतो एकच पिक. २०२२ चा, बारावा, आणि तो होता जेलन विल्यम्स. इथे पोस्टला अर्धं श्रेय द्यावं लागतं, नाइलाजाने. विल्यम्स २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला, फायनलच्या पाचव्या सामन्यात त्याने ४० गुण केले. तो नसता तर थंडर जिंकले नसते, असं मलाही वाटतं. पण तो पिक बारावा का आला? कारण २०२१-२२ मध्ये क्लिपर्स ४२-४० वर अडकले आणि प्ले-इनचे, म्हणजे प्लेऑफ या बाद फेरीत शिरण्यासाठीचे, दोन्ही सामने हरले: मिनेसोटाकडून १०९-१०४, मग घरच्या मैदानावर न्यू ऑर्लिन्सकडून १०५-१०१. दुसऱ्या सामन्यात जॉर्ज कोविडमुळे नव्हता. यातला एक सामना जरी जिंकले असते तरी ते प्लेऑफमध्ये जाते आणि तो नंबर निदान पंधरापर्यंत घसरता. आणि संघ ४२-४० वर का अडकला? कारण कवाय लेनर्ड त्या अख्ख्या मोसमात एकही सामना खेळला नाही. आणि तो का खेळला नाही?

इथे आपण त्या पोस्टमधल्या सर्वांत घाणेरड्या वाक्याशी येतो.

१४ जून २०२१. क्लिपर्स विरुद्ध युटा, दुसऱ्या फेरीचा चौथा सामना. कवायच्या उजव्या गुडघ्याला दुखापत झाली. निदान झालं ते एसीएल अंशतः फाटल्याचं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला लिगामेंट, धावता धावता थांबताना आणि वळताना मांडीचं हाड नडगीवरून घसरू न देणारा. जुलैमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढचा मोसम गेला. हे 'पैसे घेऊन बाकावर बसणं' असेल तर मग पाय प्लास्टरमध्ये असलेला शेतमजूरही कामचुकारच म्हणायचा.

तो परतला. एप्रिल २०२३ मध्ये फीनिक्सविरुद्ध प्लेऑफच्या पहिल्या दोन सामन्यांत त्याने ३८ आणि ३१ गुण केले, आणि तिसऱ्यापासून पुन्हा बाहेर. त्याच गुडघ्यातली गादी, मेनिस्कस, फाटल्याचं निघालं. पुढच्या मोसमात तो ६८ सामने खेळला, आणि शेवटाला गुडघा पुन्हा सुजला. हाच माणूस २०१९ मध्ये टोरंटोसाठी साखळीतले ८२ पैकी ६० सामने खेळला, उरलेल्यांपैकी बरेच मुद्दाम विश्रांतीसाठी सोडले, आणि मग प्लेऑफचे चोवीसच्या चोवीस सामने खेळून सरासरी ३०.५ गुणांनी विजेतेपद घेऊन गेला. त्यातले काही तर सरळसरळ लंगडत. कामचुकार माणूस असं करत नाही.

आता इथेही अर्धसत्य आहे, आणि ते मी लपवणार नाही, कारण भाचीने ते शोधून माझ्या तोंडावर मारलं असतंच. ठणठणीत खेळाडूला नुसती खबरदारी म्हणून बसवल्याने दुखापती कमी होतात, याला पुरावा नाही. लीगने स्वतःच जानेवारी २०२४ मध्ये, दहा मोसमांची आकडेवारी तपासून, तसा अहवाल संघांना दिला. तिकीट काढून आलेल्या लेकरांना कवाय सूट घालून बाकावर बसलेला दिसायचा, त्याचा राग मला समजतो. लीगने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यावर नियमही आणला. पण तो अहवाल धडधाकट माणसाला दिलेल्या सुट्टीबद्दल बोलतो. फाटलेल्या लिगामेंटबद्दल नाही, सुजलेल्या टेंडनबद्दल नाही, आणि वाटीखाली बोट लावलं तरी ओरडणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीबद्दल तर नाहीच नाही.

'खरा खेळाडू दुखलं तरी खेळतो.' बरं. मग ज्या फायनलचे गोडवे ती पोस्ट गाते, त्याच फायनलचा सातवा सामना बघा. आपल्याकडे २३ जूनची पहाट होती, मी दूधवाल्याच्या आधी उठून टीव्हीसमोर बसले होते. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन. पाचव्या सामन्यात पोटरी ताणली गेलेली. तो दुखलं तरी खेळला, अगदी पोस्टबरहुकूम. पहिल्याच क्वार्टरमध्ये नऊ गुण केले, आणि मग धाव घ्यायला पाय रेटला तो जमिनीवर हात आपटत पडला. अकिलीस, म्हणजे टाचेमागचा टेंडन, तुटला होता. पेसर्स १०३-९१ ने हरले, आणि पुढचा अख्खा मोसम तो खेळणार नाही हे संघाने काही दिवसांतच जाहीर केलं. त्याने नंतर लिहिलं की आपल्याला पश्चात्ताप नाही. त्याला म्हणायचा हक्क आहे: तो पंचवीस वर्षांचा होता, समोर विजेतेपदाचा सातवा सामना होता, डॉक्टरांची पलटण दिमतीला होती आणि करारात कोट्यवधी डॉलर पक्के होते. २०१९ च्या फायनलमध्ये केव्हिन ड्युरंटही पोटरीच्या दुखण्यातून परतला आणि बारा मिनिटांत अकिलीस तोडून बसला.

आमच्या पोरीसमोर काय आहे? विभागीय स्पर्धा, तिथून निवड झाली तर राज्य, आणि बारावीच्या निकालात मिळणारे क्रीडा गुण. त्यासाठी टेंडन पणाला लावायचा? बास्केटबॉलमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त आहे, हे क्रीडावैद्यकात आता कोणी नाकारत नाही. फाटल्यावर किमान नऊ महिने ते वर्ष जातं, आणि घाई करून नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो. तिचं सध्याचं दुखणं एसीएलचं नाही, उड्या मारणाऱ्यांना होतं ते टेंडनचं आहे. ते विश्रांतीने आणि व्यायामाने बरं होतं, खेळत राहिलं तर चिघळतं. लहान मुलांच्या कोचांमध्येही ही पोस्ट फिरतेय, असं ती म्हणाली. तिच्या कोचने ती सकाळच्या सरावाआधी मोठ्याने वाचून दाखवली. त्या गृहस्थांना मी स्वतंत्र फोन केलेला आहे, त्याचा वृत्तांत इथे छापण्याजोगा नाही.

पोस्टकर्त्याने सगळ्याचा हिशोब केला, पिक मोजले, पैसे मोजले, ट्रॉफ्या मोजल्या, आणि फक्त गुडघा मोजला नाही. खरं तर या ट्रेडमध्ये 'हुशार' आणि 'मूर्ख' यांच्यातलं अंतर त्या गुडघ्याएवढंच आहे. युटाविरुद्ध तेव्हा मालिका २-२ होती. कवायशिवाय क्लिपर्सनी पुढचे दोन्ही सामने जिंकले, आणि तरी फीनिक्सला सहाव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. तो असता तर? खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण तो असता तर ते फायनलला गेले असते असं मानणारे पुष्कळ आहेत, त्यांत मीही. आणि पुढच्या वर्षी तो असता तर बारावा पिक नाही, जेलन विल्यम्स नाही, कदाचित ही पोस्टही नाही.

पनवतीबद्दल बोलायची खरं तर इच्छा नाही. पण ज्या माणसाला पनवती म्हणता त्याचा मागोवा तरी घ्या. २०१६ मध्ये थंडरनी सर्ज इबाका देऊन ऑर्लँडोकडून व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास सबोनिस घेतले. २०१७ मध्ये ते दोघे इंडियानाला देऊन जॉर्ज घेतला. २०१९ मध्ये जॉर्ज देऊन शे आणि तो बारावा पिक मिळाला. तिकडे इंडियानाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सबोनिस देऊन सॅक्रामेंटोकडून हॅलिबर्टन घेतला. म्हणजे २०२५ च्या फायनलमध्ये जे दोन संघ समोरासमोर होते, त्या दोघांचे नायक पॉल जॉर्जच्या बदल्यातूनच आलेले होते. पनवती असावी तर अशी! आणि मैदानावर म्हणाल, तर कवाय पडल्यावर युटाविरुद्ध पाचव्या सामन्यात ३७ गुण आणि १६ रिबाउंड कोणाचे? फीनिक्सविरुद्ध हरलो तर घरी, अशा सामन्यात ४१ गुण आणि १३ रिबाउंड कोणाचे? हो, २०२० मध्ये कोविडमुळे सगळे सामने एकाच बंदिस्त ठिकाणी झाले, त्या 'बबल'मध्ये डेन्व्हरविरुद्ध ३-१ ची आघाडी घालवून सातव्या सामन्यात तो सोळापैकी चारच शॉट टाकू शकला. त्याच सामन्यात कवाय बावीसपैकी सहा. २०२१ मध्ये फीनिक्सला दुसऱ्या सामन्याच्या अगदी शेवटी त्याने दोन फ्री थ्रो चुकवले आणि सामना हातचा गेला. खेळ आहे.

क्लिपर्सवर टीकाच करायची तर २०२४ वर करता आली असती. ज्याच्यासाठी एवढं दिलं तो जॉर्ज त्या जुलैत फिलाडेल्फियाला चार वर्षांच्या २१.२ कोटी डॉलरच्या करारावर निघून गेला, आणि क्लिपर्सच्या हाती एक दमडी पडली नाही. वर्षभर आधी विकला असता तर काहीतरी मिळालं असतं. अर्थात चौथं वर्ष द्यायला नकार देणं चुकीचं नव्हतं: फिलाडेल्फियात पहिल्या मोसमात तो ४१ सामने खेळला आणि तो संघ ५८ सामने हरला, तर क्लिपर्स त्याच्याशिवाय ५० जिंकले. पोस्टकर्त्याला यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून त्याने हे वर्ष 'कर्माची फळं' अशा दोन शब्दांत उरकलंय.

राहिली उद्योजकांची शिकवण, नावाजलेला विका आणि तरुण घ्या. हे गणित इतकं सोपं असतं तर त्याच सॅम प्रेस्टीचं ऑक्टोबर २०१२ मध्ये बरोबर आलं असतं. तेव्हा थंडर नुकतेच फायनल खेळून आले होते. संघात केव्हिन ड्युरंट, वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन होते, तिघेही पुढे एमव्हीपी झाले. कराराच्या पैशांवरून जमेना, तेव्हा प्रेस्टीने हार्डन ह्यूस्टनला दिला आणि बदल्यात केव्हिन मार्टिन, तरुण जेरेमी लॅम्ब, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि वर दुसऱ्या फेरीचा एक असं घेतलं. मार्टिन एका मोसमात गेला. लॅम्ब मोठा झाला नाही. एका पिकातून स्टीव्हन अॅडम्स आला, चांगला सेंटर, पण हार्डन नव्हे. थंडरना पुन्हा फायनल गाठायला तेरा वर्षं लागली.